रंगाखाली गेलेला नंबर

मी एक जुना डिझेल ट्रक आहे. मित्रांनो, ट्रक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चाके, दिवे आणि भोंगा येईल. पण आज तुमच्याशी बोलतो आहे तो माझा एक तुकडा, तुमच्या कंपासपेटीएवढा. वाहन नोंदणीच्या कचेरीत, एका खिडकीच्या आतल्या बाजूला, शिक्क्यांच्या डब्याशेजारी मी पडलो आहे. माझ्यावर नंबर ठोकलेला आहे म्हणून मला ठेवले. बाकी सगळा मी भट्टीत वितळायला गेलो. त्याचे मला फारसे काही नाही. पण मला चालवणाऱ्या ताईला नवी गाडी मिळाली की नाही, हे अजून कळलेले नाही, आणि त्या एका काळजीने माझा जीव थाऱ्यावर नाही.

खिडकीशी कोणी आले की वाटते, ताईच. बघतो तर कोणीतरी परवान्यावरचा फोटो बदलायला आलेला असतो. तोपर्यंत माझी हकिगत ऐका. जरा भरभर सांगतो, कारण ती मध्येच आली तर माझे तुमच्याकडे लक्ष राहणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. आमच्या सांगाड्याला चासी म्हणतात. पुढे इंजिन, खाली चाके आणि वर उघडे आभाळ. तिथल्या एका कामगाराने माझ्या उजव्या बाजूच्या लांब लोखंडी तुळईवर एकेक आकडा ठोकला. माणसाला नाव असते, आम्हाला तो नंबर. मग एक चालक डोळ्यांवर गॉगल लावून, तोंडाला फडके बांधून, लाकडी खोक्यावर बसून मला हाकत बॉडी बांधणाऱ्यांकडे घेऊन आला. ना केबिन, ना काच. वाटभर त्याच्या तोंडात धूळ आणि शिव्या. तिथे मला केबिन मिळाली, मागे बंद पेटी मिळाली, आणि मी चारचौघांत उभा राहण्याजोगा झालो.

मला विकत घेतले ते बाबांनी. बाबा म्हणजे ताईचे वडील. त्यांचे मोठे धुलाईघर होते आणि गिऱ्हाईक एकच, पण भक्कम: हॉस्पिटल. सकाळी धुतलेल्या चादरी, अभ्रे, गाऊन तिकडे न्यायचे आणि येताना मळलेले आणायचे. माझ्या पेटीत मधोमध पत्र्याची भिंत होती. स्वच्छ कपडे एका बाजूला, मळके दुसऱ्या बाजूला. चुकूनही त्यांची भेट होऊ द्यायची नाही, असा बाबांचा दंडक. हॉस्पिटलातल्या थोरल्या सिस्टर मला फाटकातून येताना पाहून म्हणायच्या, "आला बाई वेळेवर! चला, बेड लावायला घ्या." ते ऐकले की माझ्या टायरांत थोडी हवा जास्त भरल्यासारखी वाटे.

बाबांना एकच धास्ती होती, गंजाची. कपडे वाळवायची जागा पलीकडच्या गल्लीत होती, त्यामुळे ओल्या चादरींचे गठ्ठेही मीच वाहायचो. त्यांतले सोड्याचे पाणी पेटीतून ठिबकायचे ते थेट माझ्या सांगाड्यावर. म्हणून दर वर्षी बाबा माझ्याखाली आडवे होऊन मला खालून रंग द्यायचे. चांगले जाड दोन हात. जो रंग स्वस्त मिळेल तो! एकदा निळा, एकदा हिरवा, एकदा तर हॉस्पिटलच्या भिंतींचा उरलेला पिस्ता रंग. नंबरावर ते आणखी एक हात मारायचे. "खाचेत पाणी साचतं," असे त्यांचे म्हणणे, "गंज आधी तिथूनच शिरतो." मित्रांनो, इतके लाड कोणत्या ट्रकचे झाले असतील?

वर्षे गेली. क्लच दाबताना बाबांचा गुडघा कुरकुरू लागला आणि चावी ताईकडे आली. ताई चालवायची झकास. मीच पूर्वीचा राहिलो नव्हतो. चढावर धाप लागायची. सुरू होताना असा काळा धूर निघायचा, की फाटकावरचा पहारेकरी नोंदवहीने वारा घालायचा. शेवटी हॉस्पिटलने कळवले, की धूर वॉर्डांच्या खिडक्यांतून आत येतो आणि पेशंट खोकतात; ठरलेल्या तारखेपासून आवारात फक्त विजेवरच्या गाड्या येतील. तशी गाडी नसेल तर चादरींचे काम दुसऱ्याला. ते काम गेले तर धुलाईघराला कुलूप, आणि इस्त्रीवर उभ्या असणाऱ्या सगळ्या बायका घरी. ताईचा चेहरा मी माझ्या आरशात पाहिला. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

बाबा म्हणाले, "विजेचा ट्रक म्हणजे मोठा मोबाइलच की. चार्जिंग संपलं की बसा रस्त्यात."

"आणि तुमच्या या हत्तीला डिझेल संपल्यावर पंख फुटतात वाटतं?" ताई म्हणाली.

मग कागदांची वरात सुरू झाली. माझी केबिन हीच ताईची कचेरी. स्टिअरिंगवर शोरूमचे कोटेशन, शेजारच्या सीटवर बँकेचे उतारे, डॅशबोर्डवर आयकराचे कागद. खिडकी उघडी राहिली की सगळे एकदम उडायचे आणि ताई माझ्या पेडलांखाली डोके घालून ते गोळा करायची. कर्ज देणाऱ्या कंपनीतल्या बाई बोलायला गोड होत्या. पण कागद दाखवल्याशिवाय त्या पाणीसुद्धा विचारत नाहीत, असे ताई म्हणायची.

एकदा तिथून परत आल्यावर तिने माझे दार धाडकन लावले. "कर्जवाल्या बाई म्हणतात, आधी हॉस्पिटलचा करार दाखवा, मग कर्ज. हॉस्पिटल म्हणतं, आधी गाडी दाखवा, मग करार. शोरूमवाला म्हणतो, आधी कर्जाची मंजुरी दाखवा, मग गाडी. मी कुणाला आधी काय दाखवू, बाबा?"

"घरचा रस्ता दाखव सगळ्यांना," बाबा म्हणाले.

ताई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली आणि तिने थोरल्या सिस्टरांना गाठले. सिस्टरांनी व्यवस्थापकांना गाठले. तेव्हा कुठे एक पत्र मिळाले, की तारखेच्या आत विजेची गाडी आली तर काम यांचेच राहील. कर्जवाल्या बाईंनी तेवढ्यावर भागवून घेतले. मग चार्जरसाठी विजेचा भार वाढवून हवा, त्यासाठी जागामालकाची संमती हवी, आणि जागामालक परगावी मुलाकडे राहायला गेलेले. ती संमती आली, तर जामीनदार हवा. ताईची मावशी जामीन राहिली. "सही कुठे करू ते दाखव," ती माझ्या सीटवर बसत म्हणाली, "आणि काय लिहिलंय ते मला घरी सोडताना सांग." या सगळ्यात ताईच्या नाकी नऊ आले. पण मंजुरी मिळाली, महिनाअखेरपर्यंत चालणारी.

तरीही घोडे अडलेच. कर्ज गाडीच्या पूर्ण किमतीचे मिळत नाही. काही वाटा आपण आधी घालावा लागतो. ताईने होते नव्हते ते घातले, तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा शोरूमच्या माणसाने तोड काढली. म्हणाला, "तुमचा जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचा दाखला आणा. त्यावर किमतीत मोठी सूट आहे. तीच तुमचा वाटा धरू." हे तो माझ्याच बॉनेटवर कोपर टेकून सांगत होता. मला फार भीती वाटली, मित्रांनो. ताईनेही लगेच हो म्हटले नाही. तिने आधी बाबांकडे पाहिले. ट्रक बाबांच्या नावावर होता. बाबांनी कागदावर सही केली आणि ते माझ्या बॉनेटवरची धूळ पुसू लागले.

भंगार केंद्रात एक तपासनीस होता. जो ट्रक कागदावर आहे तोच समोर उभा आहे, याची खात्री करणे हे त्याचे काम. त्याची रीत अशी, की नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे आपोआप कागदावर उमटतात. त्याने इथे घासले, तिथे घासले. कागद नुसता काळा झाला. एकही आकडा उमटला नाही.

"नंबर कुठाय?" त्याने विचारले.

"असेल की, तिथेच कुठेतरी. रंग बसलाय वर," ताई म्हणाली.

"बाई, कागदावर नंबर आहे, गाडीवर नाही. उद्या कुणी म्हणालं चोरीचा ट्रक मोडला, तर मी काय सांगू?"

"मग ग्राइंडर मारू का?"

"अजिबात नाही. एक आकडा जरी घासला गेला तर खाडाखोड समजून मीच अर्ज परत पाठवीन. हाताने खरवडा, माझ्यासमोर. पाचला मी कुलूप लावतो."

ताई खरवडणी घेऊन माझ्याखाली शिरली. तुळई लांब, रंग जाड, आणि महिना संपत आलेला. ती पुढून खरवडत होती, मग मागून, मग पुन्हा पुढून. बाबा जुन्या टायरांच्या ढिगावर मिठाची गुळणी धरून बसले होते. नंबर नेमका कुठे आहे, ते तिथे दोघांनाच माहीत होते, बाबांना आणि मला. मला बोलता येत नव्हते. ते बोलत नव्हते. नंबर सापडला नाही तर मी वाचणार होतो, आणि सापडला तर धुलाईघर. मला कधी वाटे, रंग असाच राहू दे. कधी वाटे, ओरडून सांगावे, अगं, उजवीकडे, चाकाच्या मागे! माझे सगळे नटबोल्ट आतून खडखडत होते.

चार वाजून गेल्यावर ताई बाहेर आली. केसांत रंगाचा भुगा, बोटे सोललेली. तिने आवाज चढवला नाही. "बाबा, हा ट्रक तुम्हाला जाऊ द्यायचा नसेल तर तसं सांगा. मी कर्जवाल्या बाईंना फोन करून नको म्हणते. इस्त्रीवाल्या बायकांनाही मीच सांगते. पण असं गप्प नका बसू. तुमच्या गप्प बसण्याला मी काय उत्तर देऊ?"

बाबा उठले. "आण ती खरवडणी," ते म्हणाले. "भलतीकडेच खरवडतेयस तू."

दुखरा गुडघा धरून ते माझ्याखाली आडवे झाले, पूर्वीसारखेच. त्यांनी चाचपडलेही नाही. तळहात थेट जागेवर ठेवला. मग ते खरवडू लागले. पिस्ता रंग निघाला, खाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली कुठल्यातरी विसरलेल्या वर्षाचा तपकिरी. माझी सगळी वर्षे त्यांच्या तोंडावर पडत होती. शेवटी लोखंड दिसले, आणि खरोखर गंजाचा एक ठिपका नव्हता त्यावर. बाबा तपासनीसाला एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवू लागले. चौथ्या आकड्यानंतर त्यांनी तोंड बाजूला वळवले. पुढचे आकडे ताईने वाचले. तपासनीसाने कागद धरला, पेन्सिल घासली आणि माझा नंबर त्यावर स्वच्छ उमटला.

पण दाखला ट्रक प्रत्यक्ष कापल्यावरच मिळतो, आणि माझ्यापुढे गाड्यांची ही रांग! दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत एकटेच आले आणि गॅस कटर चालवणाऱ्यापुढे उभे राहिले. "आधी माझा घ्या."

"आजोबा, घाई कसली? भंगार कुठे पळून जातंय?"

"भंगार नाही, माझ्या मुलीचं काम पळून जातंय," बाबा म्हणाले. "आणि मी आलोय तोवर होऊ दे. उद्या यायची हिंमत नाही माझ्यात."

त्याने बाबांकडे पाहिले आणि मला रांगेतून पुढे घेतले. दुखले का, ते विचारू नका. नंबराचा तुकडा नोंदणीच्या कचेरीत जमा करावा लागतो. मी अजून गरम होतो, म्हणून बाबा मला रुमालात धरून या हातातून त्या हातात करत इथवर आले. पावती मिळेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. त्यानंतर महिनाअखेर येऊन गेली, आणि मी इथे शिक्क्यांचे ठोके ऐकत पडलो आहे. वेळेत झाले का सगळे? की पुन्हा एखादा कागद कमी पडला?

थांबा. खिडकीशी कोणीतरी आले आहे. तीच आहे! ताई!

"नव्या ट्रकची नोंदणी," ती म्हणते आहे.

कारकून कागद उलटेपालटे करतो आहे. "गाडी तपासायला आणलीय का?"

"बाहेर उभी आहे."

"कधी आली? आवाज नाही झाला."

"ती आवाज करतच नाही."

कारकून उठून बाहेर गेला, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन. परत आला तेव्हा कागदावर आकडे होते, सगळेच्या सगळे. आता तो शिक्का शोधतो आहे. तेवढ्यात मी तुम्हाला एवढेच सांगतो, मित्रांनो. वस्तू जपा, धुवा, पुसा, रंगवा. पण इतके रंगवू नका की खाली कोण आहे तेच कळेनासे होईल. आणि तिचे काम संपले, की तिला धड निरोप द्या. टायरांच्या ढिगावर बसून राहू नका.

शिक्का पडला. बाहेरून बाबांची हाक आली, "अगं, आटप! सिस्टर बेड उघडे टाकून वाट बघत असतील."

ताई गेली. मी जिवाचा कान करून ऐकतो आहे. इंजिनाचा आवाज नाही, गिअरचा नाही, कशाचाच नाही. फक्त बाबा बोलताहेत. "सावकाश घे गं... डावीकडे बघ... अगं, सावकाश..." आणि त्यांचा आवाज दूर दूर जातो आहे. म्हणजे गाडी निघाली.