पितळी भिंगाचं वर्तुळ

थोरलीला एकच गोष्ट हवी होती. तिघी बहिणींचा एक फोटो. येत्या सोमवारी ती मुलाकडे राहायला जाणार होती, दूर, कायमची. शिवणकामाचं दुकान मधली आणि धाकटी बघणार होत्या, आणि त्या दोघी सात महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधलीने बेतलेल्या कोटाला धाकटीने गिऱ्हाइकासमोर नावं ठेवली, एवढंच निमित्त. एकाच टेबलाशी बसून शिवायच्या, पण कात्री हवी झाली तरी, "ताई, तिला सांग कात्री दे." कात्री हातभर अंतरावर असायची.

फोटो काढणार होती भाची, भावाची लेक. आठवडाभर तिने दुकानाच्या पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी आपला लाकडी कॅमेरा मांडला होता. कॅमेरा कसला, ट्रंकेएवढं प्रकरण! पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे घडीघडीचा काळा भाता. भिंगं दोन. एक नवं, चोख. दुसरं पितळी, शंभरी उलटलेलं, जुन्या बाजारात गंजक्या कुलुपांच्या ढिगात सापडलेलं.

"आत्या, ये, डोकं घाल इकडे."

थोरली काळ्या कापडाखाली शिरली. दुधी काचेवर दुकानातला कपड्यांचा पुतळा शीर्षासन करून उभा होता. पण काय उभा होता! छातीशी उजेड असा, की कापडाचा धागा न् धागा मोजावा. मग तो उजेड कडेकडेला मऊ होत गेलेला, सायीसारखा विरत गेलेला, आणि चारी कोपऱ्यांत अंधार.

"कोपरे जळले का गं?"

"जळले नाहीत, उपाशी राहिले. काच चौकोनी, भिंगाचा उजेड गोल. हे भिंग लहान काचेसाठी घडवलेलं. त्याचं वर्तुळ एवढ्या मोठ्या काचेला पुरत नाही."

"म्हणजे कापड कमी पडलं म्हण की."

"अगदी तसंच!"

मग भाचीने तिला दुधी काचेचे कातरलेले कोपरे दाखवले. तिथून एक डोळा मिटून भिंगाकडे पाहायचं. भिंगाचं तोंड पूर्ण गोल दिसलं, तर कोपऱ्याला उजेड पोचतोय. बदामासारखं निमुळतं दिसलं, तर तेवढा कापला गेला. आणि कॅमेरा पुतळ्याजवळ नेला, की चित्र स्पष्ट यायला भाता लांबवावा लागे, भाता लांबला की वर्तुळ मोठं होई, आणि अंधार मुकाट्याने कोपऱ्यात मागे सरे. फक्त मग काचेत माणसं कमी मावत. भाचीने शिंप्याच्या खडूने फरशीवर खुणा केल्या होत्या, टेपने मोजून, वीतभर पुढे, वीतभर मागे. खूण दिसली की समजायचं, एक फिल्म खर्ची पडली. तिच्या नखांखाली फिल्म धुवायच्या औषधाचे डाग आणि डोक्यात सगळी मापं तोंडपाठ. थोरलीने चाळीस वर्षं कापड बेतलं होतं. बेतणारा हात तिला लगेच ओळखू येई. 'ही आपल्यातलीच,' तिच्या मनात आलं.

रविवारी फिल्मच्या दोनच शीट उरल्या होत्या. तिघी बाकावर बसल्या. थोरली मधे, त्या दोघी दोन टोकांना, मधल्या जागेत आणखी दोन पाहुण्या बसाव्यात अशा. भाचीने नवं भिंग लावलं, फोटो घेतला आणि मान हलवली.

"काय झालं?"

"सगळं आलंय, आत्या. भिंतीवरचा खिळासुद्धा. पण तिघींचा एक फोटो नाही आला. एकेकीचे तीन आले."

"पितळी लाव," थोरली म्हणाली.

"अशाच बसलात तर दोन्ही टोकं अंधारात जातील. आणि ही शेवटची शीट आहे."

"ऐकलंत का गं? अंधारात जायचं असेल तर बसा तशाच."

"मला नाही जायचं," मधली म्हणाली. "ताई, तिला सांग सरकायला."

"तिला सांग, आधी तिने."

थोरलीने कुणालाच काही सांगितलं नाही. मग दोघी एकाच वेळी सरकल्या, जसा काही बाकानेच चिमटा काढला असावा. भाचीने कॅमेरा पुढे ओढला, भाता लांबवला, काचेच्या कोपऱ्याला डोळा लावला.

"अजून. अजून वीतभर. मधली आत्या, तुझा खांदा अजून बदामात आहे! थोरली आत्या, तू जरा मागे हो, त्या दोघींना तुझ्यापुढे येऊ दे."

दोघींचे खांदे टेकले. सात महिन्यांनी टेकले.

पितळी भिंगाला खटका नव्हता. टोपी काढायची, चार मोजायचे, टोपी घालायची. "हलायचं नाही, बोलायचं नाही." टोपी निघाली. एक. दोन. तीन.

"तुझी कॉलर दुमडलीय," मधली धाकटीला म्हणाली.

चार. टोपी बसली.

"आत्या!" भाची जवळजवळ रडकुंडीला आली. "शेवटची शीट होती!"

"मग काय करू? जन्मभर दुमडलेली राहिली असती ती."

"मग आधी सांगायचं होतं," धाकटी म्हणाली.

"आधी कुठे बोलत होते मी?"

धाकटी आमटीत मीठ घालायचं राहिल्यासारखं तोंड करून बसली, आणि मग तिलाच हसू आवरेना.

सोमवारी सकाळी भाचीने दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. नव्या भिंगाचा लख्ख होता, कडेपासून कडेपर्यंत. पितळीच्या फोटोत कोपरे कोळशासारखे काळे होते. अंधारातून उजेड हळूहळू वर चढत गेलेला, आणि ऐन मधे तीन चेहरे, एका ओंजळीत धरावेत तसे. धाकटीची पापणी न् पापणी स्पष्ट. मधलीचे ओठ मात्र पुसलेले, दुधावर फुंकर मारावी तसे.

"हा बिघडला, आत्या. मी फिल्म आणून पुन्हा काढते, तिकडे पाठवते."

"खबरदार." थोरलीने तो फोटो उचलला. "तो लख्ख दुकानात लावा, गिऱ्हाइकांसाठी. हा माझा. पोरी, शंभर वर्षांच्या भिंगाला तू काय काम करायला लावलंस, तुला तरी कळलंय का?"

भाचीने डाग पडलेली बोटं मागे लपवली.

थोरलीने फोटो मऊ कपड्यांच्या घडीत ठेवला. आतल्या खोलीत मधली आणि धाकटी वाद घालत होत्या, कुणाच्या तरी बाहीला चुण्या तीन घ्याव्या की चार. आवाज चढत चालले होते. थोरली उंबऱ्याशी थांबून थोडं ऐकत राहिली, मग कुणालाही हाक न मारता तिने बॅग उचलली.