डावीकडचा ठिपका

“मॅडम, हा ठिपका खराच आहे ना?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे मॅडम भानावर आल्या.

पडद्यावर एका माणसाची छाती होती, आतून दिसणारी. छातीभोवती सोळा पट्ट्या चिकटवायच्या, जाणवणारही नाही एवढा विजेचा प्रवाह सोडायचा, कातडीवर काय उमटतं ते मोजायचं आणि त्यावरून आतलं चित्र काढायचं. बाहेरून आतलं ओळखण्याचं हे उलटं गणित मॅडमनी एकतीस वर्षं केलं होतं. त्याची खोड अशी, की मोजताना केसाएवढी चूक झाली तरी चित्रात भलतंच काहीतरी उभं राहतं. म्हणून चित्र मुद्दाम थोडं धूसर ठेवायचं. किती धूसर, यातच सगळं कसब. सहा वर्षांपूर्वी मॅडमनी ते धूसरपण जवळजवळ पुसून टाकणारी रीत काढली आणि त्यांचं नाव झालं. या इस्पितळातलं यंत्र त्याच रीतीवर चालत होतं.

डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी कोटाच्या बटणाएवढा काळा ठिपका होता.

“परवा ऑपरेशन करायचं म्हणतोय आम्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मला मूळचे आकडे द्या. आणि एक टेबल.”

टेबल खिडकीपाशी मिळालं. आकड्यांशी मॅडमचा असा घरोबा, की थोड्या वेळात खोली विरून गेली. चाकांच्या खुर्च्यांचा आवाज, औषधांचा वास, सगळं लांब गेलं. आपण एका संथ तळ्यावर ओणवलो आहोत आणि तळाशी कोणाची तरी छाती हळूहळू वरखाली होते आहे, असं त्यांना वाटत राहिलं.

नवव्या पट्टीचे आकडे किंचित लटपटत होते. नीट चिकटली नसावी.

त्यांनी जुन्या, धूसर रीतीने चित्र काढलं. ठिपका नव्हता. नव्या रीतीने काढलं. ठिपका आला. मग त्यांनी मनानेच एक निरोगी छाती रचली, तिच्या नवव्या पट्टीच्या आकड्यांत तेवढीच लटपट घातली आणि नव्या रीतीने गणित सोडवलं.

ठिपका आला. त्याच जागी, तेवढाच.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी फोन उचलला. त्यांची विद्यार्थिनी आता दुसऱ्या गावी शिकवत होती; तिचा प्रबंध याच रीतीवर होता.

“अगं, आपली रीत नसलेलं दाखवते.”

“कधीमधी होत असेल, मॅडम.”

“आज झालंय. माणूस बाहेर बाकावर बसलाय.”

“मग माझा प्रबंध?”

“तू सिद्ध केलंस ते खरंच आहे. ‘कुठल्याही मोजमापाला चालेल’, हे वाक्य माझं. ते मी मागे घेतेय.”

“सहा वर्षं, मॅडम...”

“हो गं.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आत काही नाहीये?”

“तसंही म्हणता येत नाही. या आकड्यांवरून ते कळत नाही, एवढंच खरं. दुसरी तपासणी करा. कापू मात्र नका इतक्यात.”

बाहेरच्या बाकावर तो माणूस बायकोशेजारी बसला होता. शाळेत गाणं शिकवायचा. “आतलं बघणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?” त्याने विचारलं.

“आज जरा चुकीचं बघितलं मी,” मॅडम म्हणाल्या. “परत बघायला सांगितलंय.”

तो कसनुसा हसला. त्याच्या बायकोला हसू आलं नाही. तिने मॅडमचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

चार दिवसांनी दुसऱ्या यंत्राने छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं. आपला दावा मागे घेणारं मॅडमचं पत्र त्याआधीच ती रीत छापणाऱ्या नियतकालिकाकडे गेलं होतं. विभागातले लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले, घरात कोणी गेल्यासारखे. पुढच्या महिन्यातलं भाषणाचं आमंत्रण रद्द झालं. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

एका दुपारी दार ढकलून विद्यार्थिनी आत आली. प्रवासाने चुरगळलेली, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. मॅडमसमोर नेहमी उभीच राहणारी ती मुलगी आज न विचारता खुर्ची ओढून शेजारी बसली.

“रीत दुरुस्त करायला कुठून सुरू करायचं?”

मॅडमनी आपले कागद सरकवले आणि अर्धं टेबल मोकळं केलं.