नऊ वर्षांची सून

सकाळी साडेसातला त्या घरात दोन कामं एकाच वेळी चालत. स्वयंपाकघरात सासूबाई भाजी चिरत आणि बाहेरच्या खोलीत सासरे खुर्चीत रेलून माणसाच्या हक्कांविषयी बोलत. ते बोलत आणि सून कंप्युटरवर टाईप करत असे.

सासऱ्यांचं दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत सदर यायचं. तंत्रज्ञानाची एखादी ताजी बातमी, तिचा रोजच्या जगण्याशी संबंध आणि शेवटी चार कानपिचक्या, असा त्याचा घाट. सगळी गल्ली त्यांना सदरवाले म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. निवृत्त झाल्यावर हा उद्योग त्यांनी हौसेने अंगावर घेतला खरा, पण टाईप करणं काही जमेना. चार वर्षांपूर्वी सून घरात आली आणि तो प्रश्न मिटला. सून माहेरची थोरली, तिकडे तिला सगळे 'मोठी' म्हणत. आपणही तिला मोठीच म्हणू, कारण या घरात तिला तसं कोणी म्हणणार नव्हतं.

"लिही," सदरवाले म्हणाले, "माणसाचा फोन म्हणजे त्याच्या मनाची खोली. तिथे विचारल्याशिवाय कोणी पाऊल ठेवता कामा नये. सरकारनेही नाही, कंपनीनेही नाही. पूर्णविराम."

मोठीने पूर्णविराम दिला. तिचा स्वतःचा फोन शेजारीच पडला होता आणि त्यावर 'पालकांची परवानगी मागितली आहे' ही ओळ कालपासून तशीच होती. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मालकांनी कामासाठी एक नवं ॲप घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याला हो म्हणायचं होतं ते समोरच्या खुर्चीतल्या माणसाने. ते 'बघतो' म्हणाले होते.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याने तिच्यासाठी नवाकोरा फोन आणला. ऑफिसांमधले कंप्युटर बसवून देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे हात सराईत. जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने फोन चालू केला आणि जन्मतारखेच्या जागी आपल्या मनाने एक तारीख भरली. मोठी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. फोनने तिला नऊ वर्षांची धरलं. नऊ वर्षांच्या लेकराला पालक लागतो, म्हणून तिथे सासऱ्यांचं नाव घातलं, कारण ते दिवसभर घरी असत. त्या दिवसापासून ती कुठे आहे ते त्यांना नकाशावर दिसू लागलं, तिने कोणाशी बोलावं हे ते ठरवू लागले, आणि रात्रीचे साडेआठ वाजले की तिचा फोन आपोआप बंद पडू लागला.

तिने विचारलं तेव्हा नवरा हसला. म्हणाला, अगं, काळजीपोटीच ना, माझ्या सगळ्या मित्रांनी असंच केलंय. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या एका गल्लीत अशा आठ-नऊ वर्षांच्या डझनभर सुना नांदत होत्या. त्यातली एक बँकेत होती, एक शाळेत शिकवत होती. एक नवरा दुसऱ्याला युक्ती शिकवायचा आणि वर सांगायचा की फुकट आहे. कधीकाळी शहाण्या लोकांनी शिव्याशाप खाऊन नवरीचं वय वाढवून घेतलं होतं. आता तेच वय टेबलाशी बसून, हसतखेळत, दोन मिनिटांत खाली आणता येत होतं आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती.

सासूबाईंना यात काही वावगं वाटत नसे. सून दुकानातून वीस मिनिटं उशिरा निघाली की नकाशा बघायची आठवण नवऱ्याला त्याच करून देत. "माझाही फोन यांनाच विचारतो," त्या म्हणत. "फोन असेच असतात. तुझंच काय ते जगावेगळं." त्यांचं दुःख निराळं होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीने दोन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. कुठल्याशा बोलण्याचा राग धरून बसलीय, असं त्या येईल त्याला सांगत.

मोठी पहिल्या वर्षी एकदा भांडली होती. फोन आठवडाभर कपाटात गेला आणि नोकरीची तरी गरज काय, अशी चर्चा जेवताना सुरू झाली. तेव्हापासून ती गप्प होती. पण नुसती गप्प नव्हती, तिला एक तारीख माहीत होती. ती तारीख तिला सदरवाल्यांनीच सांगितली होती. दीड वर्षापूर्वी त्यांनी एका बातमीवर लिहिलं होतं, की मूल तेरा वर्षांचं झालं की फोन त्या मुलालाच विचारतो, यापुढे तुला पालकांची देखरेख हवी का. मूल नको म्हणालं की विषय संपला. 'एवढ्याशा जिवाच्या नकाराला दिलेला हा मान पाहून मला भरून आलं,' असा त्या लेखाचा शेवट होता. तो टाईप करताना मोठीची बोटं थांबली होती. नऊ अधिक चार. झोप लागली का, असं त्यांनी विचारलं, आणि ती नाही म्हणाली. स्वतःच्या खऱ्या वाढदिवसाचीही वाट तिने कधी इतकी पाहिली नव्हती.

आता अकरा दिवस उरले होते. रविवारी आईशी बोलायला वीस मिनिटं मिळत. आई शाळेचे गणवेश शिवायची, आणि अलीकडे मशीनवर बसली की तिला धाप लागायची. तेरा वर्षांची झाले की रोज बोलू, असं मोठीने तिला सांगितलं. आई खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, "माझ्या पोटी तू दोनदा वाढतेयस बघ."

फोनची कंपनी फार सज्जन होती. मुलाला विचारण्याआधी ती पालकांना कळवायची. वाढदिवसाला पाच दिवस असताना सदरवाल्यांना पत्र आलं, आणि रविवारी जेवताना त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'अभिनंदन. आपलं मूल लवकरच तेरा वर्षांचं होत आहे.' बापलेक पोट धरून हसले. मग नवऱ्याने हात धुतले, तिचा फोन घेतला, जुनं सगळं पुसलं आणि पुन्हा जन्मतारखेपाशी आला. किती घालू, असं त्याने वडिलांना विचारलं.

"सहा घाल," सदरवाले म्हणाले. "सात वर्षं तरी कटकट नको."

मोठी भांडी उचलत होती. "मी तीस वर्षांची आहे," ती म्हणाली.

"माहितीये गं," नवरा मान वर न करता म्हणाला. "फोनला सांगतोय, तुला नाही."

पुसताना मंजूर झालेले सगळे नंबर गेले. एकेक नव्याने मागायचा होता. तिने पहिला आईचा मागितला. सोमवारी सकाळी सदरवाले, एका कंपनीने लोकांची बोलणी चोरून ऐकली, या बातमीवर तापले होते. बाबा, आईच्या नंबराला तेवढं हो म्हणा, असं ती म्हणाली. एवढा परिच्छेद होऊ दे, असं ते म्हणाले. परिच्छेद झाला, मग चहा झाला, मग ते फिरायला गेले. मंगळवारी तिने पुन्हा मागितला. नवरा म्हणाला बाबांना सांग. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय अडलंय, रविवारी बोलशीलच.

बुधवारी दुपारी दुकानात ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत होती. हे बरं दिसतं की ते, असं विचारत असताना मालकांनी तिला काउंटरवरच्या फोनवर बोलावलं. धाकटा भाऊ होता. आईला सोमवारी पहाटे दवाखान्यात हलवलं होतं. आईने मोठीला फोन लाव म्हटलं, त्याने लावला, आणि ही व्यक्ती तुमचा फोन घेऊ शकत नाही असं उत्तर आलं. सासऱ्यांना लावला. अनोळखी नंबर कधीही उचलू नये, असं सदरवाल्यांनी सदरातच लिहिलेलं होतं आणि ते लिहिल्याप्रमाणे वागत. मोठीच्या नवऱ्याने मात्र उचलला. सांगतो म्हणाला. ती उगाच घाबरेल म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

"आईच्या चष्म्याच्या डबीवर तुझ्या दुकानाचा नंबर आहे, ते आत्ता लक्षात आलं," भाऊ म्हणाला. "ताई, आई सकाळी गेली. एकोणीस वेळा लावला तुला. सारखी विचारत होती, मोठी रागावली का माझ्यावर."

ते गृहस्थ खुर्चीत हनुवटी टेकवून पुढच्या भिंगाची वाट बघत होते. मोठीने परत जाऊन त्यांची तपासणी पुरी केली आणि चष्म्याचा नंबर कागदावर लिहून दिला. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

आठ दिवसांनी ती परत आली. फोन उलटापालटा केल्यावर त्याच्या पोटात एक यादी सापडली, अडवलेल्या फोनांची. त्यात भावाचा नंबर एकोणीस वेळा होता. घरात कोणी वाईट वागलं नाही. सासूबाईंनी तिला कामाला हात लावू दिला नाही, नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला. सदरवाल्यांना तर फारच लागलं होतं, इतकं की त्यांनी यावरच लेख सांगायला घेतला. 'हाकेच्या अंतरावर फोन, पण ऐन वेळी नेटवर्कने दगा दिला,' अशी सुरुवात होती. मोठीने तो शेवटच्या पूर्णविरामापर्यंत टाईप केला. ते अंघोळीला गेल्यावर तिने पर्समधून एक वही काढली. दुकानातल्या, चष्म्याचे नंबर लिहायच्या वहीची मागची पानं चार वर्षांत भरली होती. तिने ती पानं टाईप केली आणि लेखाऐवजी पाठवून दिली. सदरवाल्यांचा मजकूर वर्तमानपत्रात कोणी तपासत नसे.

रविवारी सदराच्या जागी, सदरवाल्यांच्या फोटोखाली, हे छापून आलं:

मैत्रिणीच्या बाळाचा फोटो बघू का? नाही.
दुकानातल्या बाईंना घरी पोचले म्हणून कळवू का? नाही.
छातीत गाठ लागतेय, त्याबद्दल वाचू का? हा मजकूर तुमच्या वयासाठी नाही.
साडेआठनंतर दहा मिनिटं देता का, भावाचा निकाल आहे? नाही.

असं दीड रकाना. आणि तळाशी:

आईचा नंबर घालू का? उत्तर आलं नाही.
आईचा नंबर घालू का? उत्तर आलं नाही.

सदरवाले पेपर मुठीत चुरगाळून स्वयंपाकघराकडे निघाले होते, तेवढ्यात पहिला फोन आला. एक निवृत्त प्राध्यापक होते. बाईच्या मनात शिरून असं कोणी लिहिलं नव्हतं, म्हणाले. दुसऱ्या फोनवर एक वाचक रडली. तिसऱ्या फोनला सदरवाले खुर्चीत बसले. दहाव्या फोनपर्यंत त्यांनी पेपर मांडीवर नीट सपाट केला होता. "आजूबाजूला डोळे उघडे ठेवले की सुचतं," ते सांगत होते. आत मोठी ऐकत होती. आपण आईसुद्धा यांच्याच नावावर करून दिली, असं तिला वाटलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.

संध्याकाळी पुरवणीचे संपादक फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले. कौतुक झालं, चहा आला. चहा घेऊन येणाऱ्या सुनेला त्यांनी सहज विचारलं, की टाईप तुम्हीच करता ना, तुम्हाला काय वाटलं वाचून. मोठीने ट्रे खाली ठेवला आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला.

"कुठेही बोट लावून बघा," ती म्हणाली.

त्यांनी लावलं. 'पालकांना विचारा' असं आलं, म्हणून त्यांनी 'विचारा'वर बोट ठेवलं. त्याबरोबर सदरवाल्यांच्या सदऱ्याच्या खिशात टिंग वाजलं. संपादकांनी त्या खिशाकडे पाहिलं, मग मोठीकडे पाहिलं. शहाणे, चार पुस्तकं वाचलेले गृहस्थ होते, सगळं समजलं होतं त्यांना. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहाचा कप उचलला.

"चहा छान झालाय," ते म्हणाले. मग पुढच्या रविवारचा विषय निघाला.

मोठी आत गेली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचा हात पदराखाली होता. तो त्यांनी बाहेर काढला, त्यात त्यांचा फोन होता.

"माझ्यात बघ," त्या म्हणाल्या.

मोठीला कुठे बघायचं ते आता पाठ होतं. सासूबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. फोनमध्ये त्या आठ वर्षांच्या होत्या. खाली एक नंबर होता, दोन वर्षांपूर्वी विचारलेला, आणि त्यापुढे 'नाही'. का ते लिहायची सोय फोनमध्ये नव्हती.

"हा तर माझ्या धाकटीचा," सासूबाई म्हणाल्या. "कितीदा केला तिने?"

मोठीने यादी मोजली. "एकेचाळीस वेळा."

सासूबाई पाटावर बसल्या. त्यांनी फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बाहेर संपादक कशाला तरी हसत होते. एकेचाळिसावा फोन किती जुना, असं त्यांनी विचारलं नाही. मोठीला तो दिसला होता. वर्ष होऊन गेलं होतं. तिनेही सांगितलं नाही.

"तुझ्या दुकानातला फोन," सासूबाईंनी शेवटी विचारलं, "रविवारी चालू असतो का?"

मोठीकडे दुकानाची किल्ली होती. दोघींनी आपापले फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, मागच्या दाराने चपला घातल्या आणि निघाल्या. बाहेरच्या खोलीत सदरवाल्यांनी सवयीने नकाशा उघडून पाहिला. दोघीही घरातच दिसत होत्या.