राजाचा बाक दवाखान्यात

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. चार पाय आणि एक फळी, पाठ टेकायलाही काही नाही. पण हसू नका! माझ्यावर राजे बसले, राक्षस बसले, ऋषी बसले. एकदा तर स्वर्गातले देवही बसले, तेही घाईघाईने विडी विझवून.

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात वादळाने फणस पडला. त्याच्या पिवळ्याधमक लाकडातून परशुराम मेस्त्रीने मला घडवले आणि दशावतारी मंडळीला देऊन टाकले. आमच्या दशावतारात पडदा एक, बाक एक. संवाद कुठे लिहिलेले नसतात, नटाच्या तोंडात येतील ते खरे. सिंहासन मीच, डोंगर मीच, आणि राणी रुसली की पलंगही मीच.

त्या मंडळीत सत्यवान नावाचा नट राजाची भूमिका करायचा. बसण्याआधी तो मला हात लावी, तोच हात कपाळाला नेई आणि मगच बसे. इतर नटही हात लावत, पण उरकल्यासारखा. सत्यवानाचा हात मात्र क्षणभर फळीवर थांबायचा. खरे सांगतो, मला फार बरे वाटायचे.

तीस वर्षे अशी गेली. मग नाटकातल्या युद्धात गिरक्या घेऊन घेऊन त्याचे गुडघे गेले. मंडळीचे मालक दत्ताराम फटकळ माणूस. म्हणाले, "सत्यवाना, आता तू झांज वाजव. लंगडो राजा कोण बघतलो?" त्याच वर्षी माझ्या जागी प्लास्टिकची लाल खुर्ची आली. मी गेलो देवळाच्या मागच्या पडवीत, आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. राजानंतर कोंबडी! नशीब म्हणतात ते हेच.

मग मुंबईहून संचिता नावाची दिग्दर्शिका आली. तिला आजारपणावर सिनेमा करायचा होता. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झालेला काजू बागायतदार तिला हवा होता. झांज वाजवताना सत्यवानाचा चेहरा तिने पाहिला आणि त्यालाच घेतले. बंद पडलेल्या शाळेचा दवाखाना केला. मलाही उचलले, हिरवा रंग फासला आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर ठेवले. जन्मात एवढा अपमान झाला नव्हता!

दत्ताराम म्हणाले, "सत्यवानाच्या आवाजान कॅमेरो फुटात हां!" सगळे हसले. सत्यवान हसला नाही. झांजेच्या वर पुन्हा चढायची ही एकच संधी आहे, हे त्याला पुरते कळत होते.

आवाज त्याने दोन दिवसांत खाली आणला. पण नड निघाली ती माझ्यापाशीच. बायकोला आत नेतात आणि तो बाकावर बसतो, एवढाच प्रसंग. सत्यवान आला, मला हात लावला, कपाळाला नेला.

"कट! काका, दवाखान्यातल्या बाकाच्या कोण पाया पडतं?"

"माफ करा मॅडम. राजाचो बाक आसा ह्यो. हात आपसूक जाता."

पुन्हा केले, पुन्हा तेच. पाच वेळा! संचिता दमून म्हणाली, "काका, उद्या सकाळी शेवटचं बघू. नाही जमलं तर मला मुंबईहून दुसरे नट बोलवावे लागतील."

सगळे जेवायला गेले. सत्यवानाची बायको तुळसा पेजेचा डबा घेऊन आली. तो माझ्यावरच बसला होता. म्हणाला, "झांजच माज्या नशिबात आसा गो. ह्या हाताक काय करू? बांधून ठेवू?"

तुळसा डबा उघडता उघडता थांबली. "आपलो पोरगो सिद्धेश तापान बेशुद्ध होतो, तेवा आठवता? त्या दवाखान्यात लोखंडाचो बाक होतो. त्येकाव तुमी असोच हात लावलात आणि कपाळ टेकलात. तेवा खंयचे राजा होतात तुमी?"

सत्यवान आपल्या हाताकडे बघत बसला. पेज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो आला तो हात पाठीमागे घट्ट धरून. सिनेमातल्या बायकोची स्ट्रेचरगाडी आत गेली, दार लागले. तो माझ्यासमोर उभा राहिला. हात सुटला. हात लावला की भूमिका गेली, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने लावला. मग गुडघे दुखत असतानाही खाली बसला आणि कपाळच माझ्या फळीवर टेकले. ते उचललेच नाही. त्याचा गरम श्वास मला लागत होता. आसपास देव नव्हता, देऊळ नव्हते. नमस्काराला सापडला तो मी.

संचिताने 'कट' म्हणायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. तिचे डोळे वाहत होते.

सिनेमा गावात दाखवला. खोटे कशाला सांगू, मित्रांनो, तो काही धड नव्हता. डॉक्टरच्या कोऱ्या कोटाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. सिनेमातल्या बायकोची टिकली दर प्रसंगाला जागा बदलत होती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती समुद्रावर गाणे म्हणत धावली, तेव्हा कुणीतरी ओरडले, "गो बाय, टाके तुटतीत!" मांडव हसून लोटपोट.

पण तो प्रसंग आला तेव्हा सगळे गप्प झाले. दत्ताराम तर उपरण्यात तोंड घालून रडले. पुढे पुण्याच्या एका महोत्सवात सिनेमाला काही मिळाले नाही. बक्षीस मिळाले ते फक्त सत्यवानाच्या अभिनयाला. देवळासमोर फटाके वाजले!

यंदाच्या जत्रेत दत्तारामांनी लाल खुर्ची स्वतः मांडवाबाहेर काढली आणि मला आणवले. कोणी माझा हिरवा रंग खरवडायला निघाला, तर सत्यवान म्हणाला, "ऱ्हवांदे तो. त्येनाच माका परत राजा केल्यान." मग दत्तारामांनी आधी मला हात लावला, तो कपाळाला नेला आणि सत्यवानाला म्हणाले, "राजा, बस."

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे. दवाखान्यात बंद दाराबाहेर बाकावर कोणी एकटे बसलेले दिसले, तर जरा सरकून शेजारी बसा. बसण्याआधी बाकाला हात लावलात तरी चालेल. 'कट' कोणी म्हणणार नाही.