सहापर्यंत हाक मारायची नाही

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. दाराला आतून लावायची, वीतभर लांब, लोखंडी. एका कारखान्यात मला कापलं, ठोकलं, घासलं आणि चार स्क्रूंसोबत पुडक्यात बांधून दुकानात धाडलं. तिथून मला शाळेत भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी घरी आणलं.

मला बसवताना सुतार म्हणाला, "घरात तुम्ही दोघीच मायलेकी. मग कडी कुणासाठी?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

बाईंना कादंबरी लिहायची होती. विशीपासून लिहायची होती आणि आता पंचेचाळिशी उलटली होती. त्यापायी त्यांनी लग्नाचा विषय मोडीत काढला. मुख्याध्यापिकेची जागा चालून आली तीही नाकारली, कारण मग संध्याकाळ शाळेतच झाली असती. मैत्रिणींनी बोलावणं सोडून दिलं. एवढं सगळं देऊन बाईंच्या पदरात चार ते सहा हे दोन तास पडले होते. चारला मी लागायची, सहाला उघडायची. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

पलीकडच्या खोलीत बाईंची आई असे. तिचे गुडघे गेले होते. कुणी हात दिल्याशिवाय तिला उठता येत नसे. दिवसभर सांभाळणारी मदतनीस चारच्या ठोक्याला जायची.

"आई, सहापर्यंत हाक मारायची नाही हं," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

"आणि काही लागलं तर?"

"तर सहाला."

आई हसली. "बरं बाई. पोटाला वेळापत्रक लावून देते."

दोन वर्षं तिने ते पाळलं. मग एका दुपारी बाई शेवटचं प्रकरण लिहीत होत्या. लिहिलेलं पुटपुटून बघायची त्यांना सवय होती, म्हणून मला कळायचं. कादंबरीतली मुलगी म्हाताऱ्या आईची वेणी घालत होती.

"चिमे," बाहेरून हाक आली. "चिमे, बाथरूमला जायचंय गं."

पेन थांबलं. मला वाटलं, आता बाईंचा हात माझ्याकडे येणार.

"दोन मिनिटं, आई!"

पेन पुन्हा चालू लागलं. थोड्या वेळाने बाहेर काठी आपटली आणि पाठोपाठ काहीतरी जड पडलं. पेन पुन्हा थांबलं. मी वाट पाहिली.

"काही नाही गं," आईचा आवाज आला, अगदी बारीक. "तू लिही."

आणि बाईंनी लिहिलं. प्रकरण संपलं तेव्हा सहाला दहा कमी होते. मग त्यांनी मला उघडलं. आई ओल्या फरशीवर पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यातून धाकटा भाऊ आईला परस्पर आपल्या घरी घेऊन गेला. सामान न्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "ताई, तू बस आता दार लावून."

कादंबरी छापून आली. सत्कार झाले. आईवर इतक्या मायेने कुणी लिहिलं नव्हतं, असं लोक म्हणाले. पत्रांचे गठ्ठे याच खोलीत येऊन पडले.

काही महिन्यांनी भाऊ आईची शाल न्यायला आला. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आईला पुस्तक वाचून दाखवलंस?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं. तीन आठवडे लागले."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, यातली आई फार गोड आहे. चिमीला कुठे भेटली ती?"

भाऊ गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी मला लावलं. मग नवी वही उघडली आणि आईचं ते वाक्य पहिल्या पानावर उतरवलं. एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला, पुटपुटून पाहिला. वाक्य त्यांना आवडलं होतं.

आता मला गंज चढलाय. दमट दिवसांत मी कुरकुरते, पण त्यांना ते ऐकू येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या कडीला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. तुम्हीही मोठेपणी दार लावून काहीतरी कराल. जरूर करा, त्यासाठीच मी आहे. फक्त बाहेरून हाक आली, तर वाक्य अर्धं टाकून उठा. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी तिथेच सापडतं.