चुकीची नावं

हुदहुद आणि सुतार यांतला फरक मला चांगला कळतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या बाईला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. मला सगळं ताईने शिकवलंय, मी सहा वर्षांची असल्यापासून, याच घराच्या मागच्या दारात उभं करून. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पुढे ती शहरात गेली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली, आणि मी इथेच राहिले लोकांचे कपडे शिवत. बाबांचं शेवटचं दुखणंही मीच काढलं.

बाबा गेल्यावर घरात मी एकटी. मागे कुंपणापर्यंत सगळं रान माजलेलं. त्या वर्षी दोन साप निघाले, एक तर थेट शिवणयंत्राच्या पायडलखाली. माझी पाचावर धारण बसली. मी सरळ ट्रॅक्टर बोलावला आणि सगळा पट्टा साफ करून टाकला. चार दिवसांनी ताई आली, मागचं दार उघडलं आणि तिथेच थिजली.

"इथे आमरी होती," ती म्हणाली.

आमरी म्हणजे ऑर्किडची एक जात, जमिनीतून उगवणारी, पांढऱ्या फुलांची. आमच्या मागे तिची दहाबारा झाडं यायची, आणि ताईचा त्यांच्यावर फार जीव. मी म्हटलं, साप होते ते कोणी बघायचं? ती म्हणाली, आमरी जिच्या जिवावर रुजते ती मातीतली बुरशी मेली, आता आमरी येत नाही इथे, शंभर वर्षं थांबलीस तरी. माझं डोकं सटकलं. मी विचारलं, "तुला फुलं जास्त की मी?"

तिने उत्तर दिलं नाही. खरं सांगते, तिने तेव्हा "गाढवे, तू" एवढं म्हटलं असतं ना, तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. ती पिशवी उचलून निघाली. फाटकातून म्हणाली, "आमरी उगवली की कळव. येईन." या गोष्टीला आठ वर्षं झाली.

पहिलं वर्ष मीही ताठ्यात काढलं. पण त्या पट्ट्याला पुन्हा हात लावला नाही. हळूहळू गवत आलं, गवतात नाकतोडे आले, नाकतोड्यांमागे पक्षी. मी एक जुना कॅमेरा घेतला आणि फोटो काढून ताईला पाठवायला लागले. ती बघायची, ते मला फोनवर दिसायचं. उत्तर मात्र नाही. हूं नाही की चूं नाही. मग एकदा घाईत मी हुदहुदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, सुतार. खरंच चुकून हं. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"सुतार नाही. हुदहुद. डोक्यावरचा तुरा बघ."

मी तो निरोप किती वेळा वाचला ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी बुलबुलाचा फोटो पाठवला, बरोबर नाव लिहून. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी टाचणीचा, म्हणजे चतुराच्या बारीक बहिणीचा, पाठवला आणि लिहिलं, चतुर. लगेच आलं. "चतुर पंख पसरून बसतो. हिने मिटलेत. टाचणी." झालं! मला गुरुकिल्लीच सापडली.

तेव्हापासून सात वर्षं मी चुकतेय. चुकणं म्हणजे काही खायचं काम नाही. फार उघड चूक केली तर तिला संशय येणार, फार बारीक केली तर तिचं लक्ष जायचं नाही. गांधीलमाशीला मधमाशी म्हणायचं, पण कावळ्याला कोकीळ नाही म्हणायचं. पहाटे कपडे कापायला घेण्याआधी मी मागे ओल्या गवतात पालथी पडलेली असते. एकदा शेजारचे पोस्टमन कुंपणावरून ओरडले, "अहो पडलात की काय? येऊ का उचलायला?"

"पडले नाही, पडून राहिलेय," मी दबक्या आवाजात म्हटलं. "गप्प बसा, कोळी पळेल."

"बरं बरं," ते म्हणाले, "पण उठताना हाक मारा. या वयात पडून राहणं सोपं, उठणं अवघड." त्यांना सगळं माहीत होतं. ताईची पत्रं इतकी वर्षं त्यांनीच आणून दिली होती, त्यामुळे आमच्या भांडणावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

पण माणसाच्या मनाचं किती दिवस एका ओळीवर भागणार? "ही कुंभारमाशी." "हा धोबी, लांब शेपूट बघ." एवढंच. तिचा आवाज मी विसरत चालले होते. ब्लाउजला काजं करता करता मी तिच्या ओळी तिच्या आवाजात म्हणून बघायची आणि ते जमायचं नाही. मला ती इथे हवी होती, मागच्या दारात, मला रागावायला.

आणि या वर्षी मला आमरी दिसली. आमच्याकडे नव्हे. तळ्यापलीकडच्या एका घरी पडद्यांची मापं घ्यायला गेले होते, परतताना तळ्याच्या काठाला चार झाडं फुललेली. कॅमेरा होताच. फोटो काढला, आणि घरी येऊन सात वर्षांत पहिल्यांदा, अगदी ठरवून, बरोबर नाव लिहिलं. आमरी.

ताईचं उत्तर आलं. "कुठे?"

तिने मला प्रश्न विचारला होता! मी लिहिलं, "मागे. आपल्याकडे." खोटं, धडधडीत खोटं. वाटलं, एकदा येऊ तर दे. आली की पाय धरीन, काय वाटेल ते बोलू दे मला.

"खालच्या पानांचा फोटो पाठव," तिने लिहिलं. "जमिनीलगत असतात ती."

मी पोस्टमनना गाठलं. त्यांनी स्कूटर काढली, वाटभर "हे बरं नव्हे हं, हे बरं नव्हे" असं पुटपुटत मला पुन्हा तळ्यावर नेलं. मी चिखलात गुडघे टेकून फोनवरच पानांचा फोटो काढला, नीट उजेडात, सुरेख. तिथूनच पाठवून दिला. या वेळी दोन मिनिटं झाली, दहा झाली. पोस्टमन स्कूटरवर बसून शेंगा खात होते. मग आलं.

"नाव बरोबर आहे. माती आपली नाही. आपली तांबडी, ही काळी."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. एकसष्ट वर्षांची बाई मी, चोरी पकडलेल्या पोरीसारखी चिखलात बसले होते. आधी लाज वाटली, मग राग आला, आणि रागाच्या भरात मी लिहून टाकलं. "नाही आपली. तळ्याची आहे. खोटं बोलले. आपल्याकडे आमरी कधीच येणार नाही हे मलाही माहीत आहे. मला तू हवी आहेस. तू ये."

फोन वाजला. मी घाबरून तो जवळजवळ तळ्यात टाकणार होते.

"चिमे," ताई म्हणाली. मला या नावाने हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. आवाज तोच होता, जरा घोगरा झालेला.

"रागाव," मी म्हटलं. "रागाव मला."

"हुदहुदाला सुतार म्हणालीस तेव्हा वाटलं, खरंच विसरली. पण टाचणीला चतुर? तू? अगं, तिसरीत असताना तू बाईंची हीच चूक काढली होतीस भर वर्गात."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पाठवायची थांबली असतीस," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मग ये ना गं. आमरी नाही तर नाही, ये."

"येऊ कशी? मला जिना उतरता येत नाही. खुब्याचं हाड मोडलं. दोन वर्षं झाली, तिसऱ्या मजल्यावरून खाली गेले नाहीये मी."

दोन वर्षांपूर्वी एकदा तिचं उत्तर नऊ दिवस आलं नव्हतं. काय मिजास म्हणायची हिची, असं म्हणून मीही पंधरा दिवस फोटो पाठवले नव्हते. तेव्हा ती दवाखान्यात पडून फोनकडे बघत असणार.

"आणि मला कळवायचं नाही?" मी ओरडले. पोस्टमन दचकले. "मी मेले होते का?"

"तू विचारलं होतंस?" ताई रागाने बोलली नाही, हेच फार वाईट होतं. "तू विचारायचीस हा कोणता, ती कोणती. मी सांगायचे."

सात वर्षं मी रोज पहाटे उठून तिच्याकडून एक ओळ काढायची म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. मुंग्यांचे डोळे मोजले, कोळ्यांचे पाय मोजले. आणि जे शेजारीपाजारी रस्त्यात भेटले तरी विचारतात, तेवढं मी माझ्या सख्ख्या बहिणीला विचारलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "कशी आहेस?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"वेळ आहे का तुला?" ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."

मी पोस्टमनना हातानेच खूण केली, तुम्ही जा.