भावजींना घडी चालत नाही

मला सख्खा दीर नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही. तरी आमच्या मागच्या खोलीत एक भावजी राहतात. काळे, जाड आणि बिनडोक्याचे. रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर लटकलेले असतात आणि पायांतून माझ्या चांगल्या टबात पाणी गाळत असतात. माझा नवरा पाणबुड्या आहे, बंदरात पाण्याखाली उतरून बोटींची बुडं खरवडतो. भावजी म्हणजे त्याचा रबरी सूट. नाव मी ठेवलं, आणि प्रेमानं ठेवलेलं नाही.

भावजींचे लाड विचारू नका. घरी आल्या आल्या त्यांना गोड्या पाण्यात बुडवायचं. ऊन चालत नाही, हीटर चालत नाही, कपड्यांचे चिमटे चालत नाहीत. आधी उलटे करून आतून वाळवायचे, मग सुलटे. माझ्या टाचांना भेगा पडल्या तर घरात मलम नसतं, पण भावजींच्या चेनीला चोळायचं मेण कधी संपलेलं मी पाहिलं नाही. आणि घडीचं तर नावच काढू नका.

"घडी घातली की रबर तिथं चेपतं," नवरा सांगतो, "मग नेमकी तिथूनच थंडी शिरते."

हे वाक्य मी आता झोपेतही म्हणून दाखवीन.

एरवी सहन केलं असतं. पण रविवारी माझी आई यायची होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला जिना बंद, तिला ठेवून घेणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही आणि आमच्याकडे खाली झोपण्याजोगी तीच एक खोली. ती ही अशी ओली, कुबट, भावजींच्या ताब्यात. रोज जेवताना मी विषय काढायची.

"खोली कधी रिकामी करतोस?"

"बघू."

"आईला खाट लागेल."

"बघू."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"बघू."

भिंतीशी बोलले असते तर बरं, तिच्याकडून निदान अपेक्षा तरी नसते.

त्यात ते टबातलं खारं पाणी. मागचं दार उघडायचं आणि सरळ माझ्या पुदिन्यावर ओतायचं, ही याची जुनी खोड. पुदिना मी किती वेळा लावला देव जाणे, दर वेळी पिवळा पडून मेला. शिवाय मोरीच्या जाळीत वाळू. मी बोंब मारायची, तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शुक्रवारी मी खोलीची मापं घ्यायला गेले आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडली. आईच्या धावपळीत मागच्या बाजूला बरेच दिवस फिरकले नव्हते. बघते तर खिडकीखाली पुदिना नुसता माजला होता. हिरवागार, वाफ्याच्या बाहेर सांडलेला. मग आठवलं, हल्ली मोरीत वाळूही नसते. मी खूश झाले. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी पालथा घडा सुलटा झाला.

संध्याकाळी नवरा आला. पिशवी घेऊन सरळ न्हाणीघरात गेला, सूट टबात भिजवला, मागच्या खोलीत टांगला. मग टब उचलला, मागचं दार उघडलं आणि सगळं पाणी पुदिन्यावर ओतलं.

टबाच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी.

"आज पाण्यात उतरला होतास?" मी विचारलं.

"मग काय."

"कुठल्या पाण्यात? समुद्र गोड झाला की काय?"

त्यानं टब खाली ठेवला आणि तो उंबऱ्यावर बसला.

"कानाचा पडदा गेला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली पुन्हा जायचं नाही. कधीच नाही. महिना झाला. मला आता गोदामात बसवलंय. बाकीच्यांचे सूट धुतो, वाळवतो."

"मग हा कोरडा सूट रोज कशाला धुतोस?"

"नाही धुतला तर तुला कळलं असतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर हा माणूस कोरडा सूट घेऊन जातो, कोरडा आणतो, भिजवतो, टांगतो, आणि मी खालची फरशी पुसते! मी याची कोण, शेजारीण?

"कुठला कान?"

"डावा."

जेवताना मी त्याच्या डावीकडे बसते. झोपतेही डावीकडेच.

"म्हणजे तुझं ते 'बघू'..."

"अर्धं ऐकूच येत नाही. सारखं 'काय, काय' किती वेळा विचारणार? तू चिडतेस."

मग तो उठला, भावजींना हँगरवरून उतरवलं आणि जमिनीवर पसरलं. "आई येतायत ना," म्हणाला. "घडी घालतो. माळ्यावर टाकू."

त्यानं बाह्या छातीवर दुमडल्या. त्या सुटल्या. पुन्हा दुमडल्या, वर गुडघा टेकवला. जन्मात त्यानं त्या सुटाची घडी घातली नव्हती, येणार कुठून? इतकी वर्षं मी हेच मागत होते आणि आता ते मला बघवेना.

"सोड तो." मी त्याच्या गुडघ्याखालून सूट ओढला. "रबर चेपतं."

"आता चेपलं तर काय बिघडलं?"

"बिघडतं."

सूट खांद्यावर टाकून, टब हातात घेऊन मी जिना चढले. ओल्या भावजींचं वजन तेव्हा कळलं. आमच्या खोलीत दारामागे माझे कपडे होते. ते पलंगावर फेकले, त्या जागी सूट टांगला, खांदे सारखे केले, खाली टब ठेवला. आईची खोली रिकामी झाली. माझा राग मात्र जिथल्या तिथं होता.

खाली आले तर तो पुन्हा उंबऱ्याशी बसलेला, पुदिन्याकडे बघत. मी त्याच्या डावीकडे बसायला वाकले, थांबले, वळसा घालून उजवीकडे गेले, त्याला जरा सरकवून बसले आणि मग कडाकडा भांडले.